महिनाभराचा पाहुणा

सकाळी सात वाजता फोन किणकिणला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. खोल्या भाड्याने लावणाऱ्या ॲपचा निरोप होता. ‘तुमच्या परिसरातले दर उतरले आहेत. तुम्हीही दर कमी करून पाहा.’

“आणखी किती कमी करू? पाहुण्यालाच पैसे देऊ का, ये बाबा राहायला म्हणून?” ती फोनवरच खेकसली.

गल्लीत तिला सगळे मॅनेजरबाई म्हणायचे. त्यात निम्मं कौतुक होतं, निम्मी चेष्टा. चार वर्षांपूर्वी शिवणाच्या कारखान्यातली नोकरी सोडून तिने घराची वरची खोली पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली, तेव्हा अख्ख्या गल्लीत असला उद्योग करणारी ती एकटी. फिरायला आलेली जोडपी, परीक्षेला आलेली मुलं, दवाखान्यात कुणाला बघायला आलेली माणसं. खोली म्हणून रिकामी राहायची नाही. मग ते लोकांच्या डोळ्यांवर आलं. समोरच्या औषधवाल्याने माडी रंगवून घेतली, कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरने मागची खोली काढली, आणि बघता बघता दर दुसऱ्या दाराला आकड्यांच्या कुलपाची किल्लीपेटी लटकायला लागली. औषधवाल्याने दर पाडला की डॉक्टर पाडणार, आणि डॉक्टरने पाडला की ॲप हिच्या मानगुटीवर बसणार.

पाहुणेही शेफारले होते. मागच्या आठवड्यात एकाने विचारलं, आम्ही दिवसभर बाहेरच असणार, नुसतं झोपायला येणार, तर अर्ध्या दरात द्याल का? तिच्या तोंडात आलं होतं की उभ्याने झोपत असाल तर फुकट या. पण स्टार जायची भीती, म्हणून तिने हसरा चेहरा टाकून ‘क्षमस्व’ लिहिलं आणि दिवसभर धुसफुसत राहिली.

आता तर एकोणीस दिवस कॅलेंडर कोरं होतं.

खरं म्हणजे ती खोली सासूबाईंची. दोन खिडक्या, सकाळपासून ऊन, खाली शाळेचं मैदान. ‘दोनच वर्षं, आई. जम बसला की दुसरी सोय करू,’ असं सांगून तिने त्यांना स्वयंपाकघरामागच्या खोलीत आणलं होतं. दोनाची चार झाली. सासूबाईंनी दोनदा विषय काढला. दोन्हीदा ती म्हणाली, एवढा सीझन जाऊ दे.

नवऱ्याने मात्र यावेळी सरळ सांगून टाकलं होतं, “या महिन्यात खोली भरली नाही, तर आईला परत द्यायची. बस झालं.”

त्याचं काय जात होतं बोलायला! खोली गेली की पुन्हा कारखाना, पुन्हा तो सुपरवायझर, जो घड्याळ लावून बायकांच्या लघवीची मिनिटं मोजायचा. या खोलीने तिला पहिल्यांदा कुणाच्या तोंडाकडे न बघता जगायला शिकवलं होतं. ती सुखासुखी सोडणार नव्हती.

म्हणून त्या सकाळी तिने दातओठ खात ॲपचं ऐकलं. दर औषधवाल्याच्याही खाली नेला, महिनाभर राहणाऱ्याला मोठी सूट ठेवली आणि कुणीही मागितलं तरी न विचारता बुकिंग पक्कं होईल असं बटण दाबून टाकलं.

दोन दिवसांनी बुकिंग आलं. तब्बल तीस रात्री! नाव म्हणून एक आद्याक्षर आणि अनोळखी आडनाव, फोटोच्या जागी गुलाबाचं फूल. तिचा जीव भांड्यात पडला. “बघा,” तिने नवऱ्याला फोन नाचवून दाखवला, “भरली की नाही?”

सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

पाहुणा मात्र नमुनेदार निघाला. आधी निरोप आला, ‘खिडकीशी खुर्ची हवी.’ मग आला, ‘दोन उशा.’

“भाव पाडून घेतला तो घेतला, वर हे नखरे!” खुर्ची जिन्यावरून ओढत नेताना ती करवादली. “उशी एकच मिळेल. डोकी काय दोन आहेत?”

“मग नाही म्हणून कळव,” सासूबाई म्हणाल्या.

“नाही म्हणून कसं चालेल, आई? महिनाभराचं गिऱ्हाईक आहे. आणि आपण रद्द केलं की ॲप आपल्याला यादीत थेट तळाला टाकतं. हात बांधलेत माझे!”

“असं का,” म्हणून सासूबाई आपल्या खोलीत गेल्या.

ठरल्या दिवशी दुपारी दोनला ती नवी चादर घालून, किल्ली हातात घेऊन वर दारात उभी राहिली. जिन्यावर पावलं वाजली. तीन पायऱ्या चढायच्या, थांबायचं, पुन्हा तीन. वळणावर सासूबाई दिसल्या. हातात त्यांची जुनी बॅग.

“अहो आई, तुम्ही कशाला चढलात? पाहुणा येईल आता.”

“आलाय,” त्या धापा टाकत म्हणाल्या आणि फोन पुढे केला. त्यावर बुकिंग होतं आणि गुलाबाचं फूल होतं.

तिने स्क्रीनवरच्या नावावर बोट ठेवलं. “पण हे आडनाव?”

“माझ्या वडिलांचं. चौदा वर्षांत तू कधी विचारलं नाहीस, म्हणून म्हटलं तेच घालावं. बाकीचं तुझ्या नणंदेने शिकवलं फोनवर.”

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “घरातल्या घरात हा काय तमाशा, आई? मी वेड्यासारखी खुर्च्या ओढतेय! मला सांगायचं तरी!”

“दोनदा सांगितलं होतं.”

तिने हातातली किल्ली चौकटीवर आपटली.

“मग वाटलं, विकतच घ्यावी,” सासूबाई म्हणाल्या. “रोज बघायचे. रोज दर उतरत होता. म्हटलं, थांबू जरा. परवा माझ्या पेन्शनमध्ये बसला.”

टोमणा असता तर तिने परतवला असता. पण त्या बाजारात काही स्वस्त मिळाल्यासारखं सहज बोलल्या, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मी पैसे परत करते,” ती पुटपुटली.

“मग रद्द करावं लागेल. तळाला जाशील. तूच म्हणालीस.” सासूबाई आत गेल्या, खिडकीशी खुर्चीत बसल्या आणि मैदानाकडे बघत राहिल्या. मागे न वळताच म्हणाल्या, “उशा दोन सांगितल्या होत्या. एकीवर माझी मान आखडते.”

मान आखडते, हे तिला ठाऊक नव्हतं. ती उशी आणायला खाली गेली.

मागच्या खोलीचं दार उघडलं तर आत अंधार. इथे ती यायची तेव्हा सासूबाई असायच्या आणि दिवा लागलेला असायचा. वीज जाळता म्हणून तिने दोन-चारदा टोकलंही होतं. आता भर दुपारी तिला भिंतीवर चाचपडत बटण शोधावं लागलं. दिवा लागला. खाटेवर उशी होती, मानेखाली घ्यायला जुनं लुगडं गुंडाळून केलेली.

ती खाटेवर बसली. तेवढ्यात फोन किणकिणला. ‘अभिनंदन! हा महिना भरला. पुढच्या महिन्यासाठी आताच दर कमी करून पाहा.’

“मर मेल्या,” ती म्हणाली आणि रडायला लागली. राग कुणाचा येतोय ते तिला नीट सांगता आलं नसतं. ॲपचा येत होता, सासूबाईंचा येत होता, उद्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन त्या सुपरवायझरला विचारावं लागणार याचा येत होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा येत होता.

डोळे पुसून तिने खोली यादीतून कायमची काढायचं बटण दाबलं. ॲपने कारण विचारलं. दर परवडत नाही, बुकिंग येत नाही, घर विकलं, अशी सहा कारणं तयार होती. तिने सातवं, ‘इतर’ निवडलं. खाली लिहायला चौकोन उघडला.

‘खोली आमच्या आईंची आहे,’ तिने लिहिलं, आणि स्वतःच्या पलंगावरची उशी घेऊन ती जिना चढायला लागली.