न आलेल्या माणसाची खुर्ची

मित्रांनो, आधी माझ्यावर ठेवलेली ती पिशवी उचला, मग बोलू. मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे हे कबूल. मागच्या डाव्या पायाने जरा अधू आहे, तेही कबूल. पण म्हणून काय मी सामान ठेवायचा कट्टा झाले? माझी गोष्ट ऐकलीत तर पुन्हा अशी पिशवी ठेवायला तुमचा हात धजणार नाही.

जेवणाच्या टेबलाभोवती बसायला एका सुताराने आम्हा सहा बहिणींना घडवलं. माणूस कसबी, पण घाईचा. माझी पाळी येईपर्यंत चांगल्या फळ्या संपल्या होत्या, म्हणून माझ्या पाठीत एक गाठ राहून गेली. ज्या घरी आम्ही गेलो तिथे माणसं पाचच. सहावी पाहुण्यांसाठी असं ठरलं, पण पाहुणे कसले येतायत! माझ्यावर बसले ते इस्त्रीचे कपडे, रद्दीचा गठ्ठा आणि एक लठ्ठ मांजर. पुढे त्या घरातल्या दोन भावांचं बिनसलं. सामानाच्या ओढाताणीत माझा पाय निखळला. तीन बहिणी एकाकडे गेल्या, दोन दुसऱ्याकडे, आणि मोडकी म्हणून मला कोणीच नेलं नाही. दुरुस्तीच्या दुकानात मी दोन वर्षं छताकडे पाय करून पडून होते. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

तिथून मला मोठ्या बाईंनी उचललं. मोठ्या बाई कुटुंब-समुपदेशक होत्या. म्हणजे घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली की त्यांना समोरासमोर बसवून बोलतं करायचं, हे त्यांचं काम. घरोघरी मातीच्या चुली, तेव्हा या कामाला तोटा नव्हता. हेच काम करणारी गावात आणखी दहा-बारा माणसं होती. प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटाच डोकं धरून बसायचा. बाईंनी त्यांना एकत्र आणलं. महिन्यातून एका शनिवारी सकाळी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, चहा आणि सराव.

हा सराव असा. एखाद्याचं काम कुठे अडलं असेल तर तो नावगाव न सांगता ते मांडायचा. मग बाकीचे त्या घरातली माणसं व्हायचे. कोणी आई, कोणी आजी, कोणी रुसलेला मुलगा. आणि तुम्हाला म्हणून सांगते, प्रत्येक घरात एक माणूस असतोच, जो समुपदेशकाकडे यायला तयार नसतो. "मला काय धाड भरलीय?" म्हणतो आणि घरीच बसतो. त्या न आलेल्या माणसाची खुर्ची म्हणजे मी. सरावात जो माझ्यावर बसेल त्याने त्या माणसाच्या वतीने बोलायचं. एरवी माझ्यावर कोणी बसायचं नाही की काही ठेवायचं नाही, असा बाईंचा दंडक. ज्या मला आयुष्यभर पाहुणा मिळाला नाही, तिला केवढा हा मान! मी फुगले नसते तरच नवल.

दुसरा दंडक त्याहून महत्त्वाचा. सराव संपला की माझ्यावरून उठायचं आणि मला भिंतीकडे फिरवायचं. मग सगळ्यांसमोर मोठ्याने तीन गोष्टी बोलायच्या. मी तो माणूस नाही. मी खरा कोण आहे. आणि इथून बाहेर पडल्यावर मला कोणतं साधं काम करायचंय. कोणी म्हणे, दोन मुलांची आई आहे, चपलेचा अंगठा शिवून घ्यायचाय. सगळे हसायचे. पण बाई सांगायच्या की दुसऱ्याचा राग अंगावर घालून घरी जाऊ नये, तो काही आपल्या मापाचा नसतो.

या मंडळींत एक मास्तर होते. पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. खोलीची किल्ली आणि हजेरीची वही त्यांच्याकडे. अतिशय मवाळ माणूस. खुर्चीवरसुद्धा परवानगी विचारल्यासारखे बसायचे. घरी ते आणि त्यांची सोळा वर्षांची मुलगी, दोघंच. तिच्या बडबडीचे किस्से ते चहाबरोबर रंगवून सांगायचे.

एकदा बाहेरगावाहून एक मोठ्या प्रशिक्षक येणार होत्या. आसपासच्या गावांतूनही माणसं आली आणि खालचा हॉल गच्च भरला. मला खाली नेलं होतं. त्या दिवशी न आलेला माणूस होता एका मुलीचा संतापी बाप, आणि माझ्यावर बसले मास्तर. सुरुवातीला चाचरत होते. मग काय संचारलं कोण जाणे! माझ्या कडेवर मूठ आपटून म्हणाले, "यापुढे या घरात तुझा आवाज मला ऐकू येता कामा नये."

हॉलभर टाळ्या पडल्या. पाहुण्या बाईंनी मास्तरांचं कौतुक केलं, माझ्या पाठीवरही हात फिरवला. तेवढ्यात हॉलचा रखवालदार येऊन म्हणाला की बाराला दुसऱ्यांची सभा आहे, आवरा. एकच धांदल उडाली. सतरंज्या गोळा करा, पाहुण्यांची गाडी चुकेल, चला चला. मास्तर उठले आणि गर्दीबरोबर बाहेर पडले. मला कोणी फिरवलं नाही. त्या तीन गोष्टीही कोणी बोललं नाही. माणसांची मनं जपणं हाच ज्यांचा धंदा, ते सगळेच्या सगळे विसरले. मला कळलं होतं, पण खुर्चीला कुठलं तोंड? आणि खरं सांगू, मी कौतुकाच्या धुंदीत होते. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या महिन्याच्या शनिवारी मास्तर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही; खोली वाचनालयाकडच्या दुसऱ्या किल्लीने उघडावी लागली. तिसऱ्या वेळी दारात त्यांची मुलगी उभी राहिली, हातात किल्ली, वही आणि एक पत्र. जिना चढून दमली होती, मी समोर दिसले म्हणून सरळ माझ्यावर बसली. दोघं-तिघं तिला टोकायला निघाले. बाईंनी नुसत्या डोळ्यांनी सगळ्यांना गप्प केलं.

पत्रात मास्तरांनी लिहिलं होतं की यापुढे मी येणार नाही, ज्याला स्वतःच्या मुलीशी बोलता येत नाही त्याने दुसऱ्यांच्या घरात काय तोंड घालावं? बाईंनी मुलीला हळूच विचारलं, काय झालं.  ती म्हणाली की त्या सभेच्या दिवशी दुपारी ती मैत्रिणीशी फोनवर हसत होती, बाबा घरात आले आणि एवढंच म्हणाले, "यापुढे या घरात तुझा आवाज मला ऐकू येता कामा नये." तेव्हापासून ती घरात बोललीच नव्हती. दोघं चिठ्ठ्या लिहायचे. आत्तासुद्धा अर्धा तास बरोबर चालत आले, मुक्याने. बाबा खाली उभे आहेत, त्यांना वर यायची लाज वाटते.

शब्द न् शब्द तोच. सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाई खिडकीशी गेल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमचं एक काम अर्धं राहिलंय. चूक आमची आहे. वर या."

मास्तर आले. तीन महिन्यांत चेहरा पार उतरला होता. मुलगी उठून बाजूला झाली आणि ते माझ्यावर बसले. मग उठले, मला भिंतीकडे फिरवलं आणि बोलायला लागले.

"मी त्या सरावातल्या मुलीचा बाप नाही." मग मुलीकडे वळले. "मी हिचा बाबा आहे. शब्द या खुर्चीतले होते, पण घरी ते मीच बोललो. ते मी त्या दुसऱ्या बापाच्या माथी मारणार नाही. चुकलो बाळा."

तिसरी गोष्ट राहिली होती, बाहेर पडल्यावरचं साधं काम. मास्तरांना काही सुचेना.  

"बटाटे आणायचेत, बाबा," मुलगी म्हणाली. "कधीचे संपलेत."

माझं तोंड भिंतीकडे होतं, त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही. ऐकलं मात्र. जिन्यावर दोघांची पावलं, आणि पार रस्त्यापर्यंत त्या पोरीची बडबड, की मागच्या वेळी तुम्ही हिरवे बटाटे आणले होते, या वेळी मी निवडणार.

मित्रांनो, आता या खोलीत हलक्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यात आणि मला टाकून द्यायच्या गोष्टी अधूनमधून निघतात. निघोत. माझं मागणं एवढंच आहे. दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकणारं कोणी तुमच्या घरी असेल, आई, काका, कोणीही, तर ते दारात आलं की लगेच अंगावर धावून जाऊ नका. पाणी द्या, आणि आज भाजी काय आणायची ते विचारा. आणि शेजारची खुर्ची बरेच दिवस रिकामी दिसली तर तिच्यावर पिशवी ठेवू नका. खिडकीशी जा आणि त्या माणसाला हाक मारा. तो खालीच उभा असेल.