तीनशे हिरवी पुस्तके आणि पाचवी पायरी

नजीहा जन्मली त्या वर्षी इराकच्या नजफ शहरातल्या एका सुताराने मला तुतीच्या लाकडातून घडवले. मित्रांनो, मी सात पायऱ्यांची शिडी आहे. शेख काशिफ यांच्या ग्रंथालयात माझे सारे आयुष्य गेले. नजीहाचे वडील दाखिल तिथे पुस्तके काढून देत. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून सगळे त्यांना मुलीच्या नावाने 'अबू नजीहा', म्हणजे नजीहाचे बाबा, म्हणत. त्यांना ते फार आवडे.

कोणी पुस्तकाचे नाव घेतले, की दाखिल माझ्यावर चढत आणि लगेच ते घेऊन उतरत. दुरून आलेले विद्वान थक्क होत. पण पाचव्या पायरीवर उभे राहून ते काय पुटपुटत, ते मला एकटीला ऐकू येई. "उंदराने कोपरा खाल्लेलं... चहा सांडलेलं... हं, हे जिऱ्याच्या वासाचं!"

दाखिलना वाचता येत नव्हते. एकवीस वर्षे हे ग्रंथालयात कोणालाही कळले नाही.

मग ते हजला गेले. दोन महिन्यांनी परतले, तर शेखसाहेबांनी त्यांच्यासाठी भेट तयार ठेवली होती. तीनशे फाटक्या पुस्तकांना एकसारखे नवे हिरवे चामडे चढवले होते आणि पाठीवर सोनेरी नावे घातली होती.

"कसं वाटतंय, हाजी?"

"फार सुंदर," दाखिल म्हणाले. त्यांनी एक पुस्तक हुंगून पाहिले. जिरे नाही, नुसते नवे चामडे.

त्या गुरुवारी कवितेची बैठक होती. हातिम नावाच्या म्हाताऱ्या कवीने व्याकरणाचे एक पुस्तक मागितले. दाखिल पाचव्या पायरीवर नुसतेच उभे राहिले.

"अबू नजीहा, अंडी घालतोयस का वर?" हातिम ओरडले.

दाखिलनी अंदाजाने एक पुस्तक काढून दिले. हातिमनी ते उघडले, तर ते उंटांच्या रोगांवरचे निघाले. "अरे, मी व्याकरण मागितलं! ही उंटाची खरूज माझ्या गळ्यात का मारतोस?"

बैठक पोट धरून हसली. दाखिलही हसले, पण त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे झोपायला गेल्यावर, ते माझ्या खालच्या पायरीवर येऊन बसले. शेजारी नजीहा होती. ती मुलींच्या शाळेत शिकवत असे.

"शेखसाहेबांना कळलं तर इथून जावं लागेल गं. मग मी कुठे जाऊ?"

"कळायच्या आत शिका. हं, इथे बोट फिरवा. हळू बाबा, सोनं निघेल!"

रोज दुपारी एक हिरवे पुस्तक. उन्हाळा चढला तशी पुस्तके तळघरात गेली, मीही गेले, आणि शाळाही. एकदा मात्र शेखसाहेबच गारव्याला खाली उतरले. दाखिल अक्षर जुळवत होते. ते दचकून उभे राहिले.

"एकवीस वर्षं फसवलंस मला?"

"हो," दाखिल म्हणाले.

शेखसाहेब मटकन चटईवर बसले. "आणि मी गाढव! भेट म्हणून तुझे डोळेच झाकून टाकले." मग ते इतके हसले, की पगडी सुटली. "बस खाली. पोरी, चालू दे तुझं."

हिवाळ्यातल्या पहिल्या बैठकीत हातिमनी पुन्हा तेच पुस्तक मागितले. "आज तरी उंट नको बाबा!"

दाखिल पाचव्या पायरीवर चढले. "जरा थांबा. मला वेळ लागतो. आत्ताच वाचायला शिकलोय."

दाखिलनी सोनेरी अक्षरांवर बोट ठेवले आणि अडखळत, मोठ्याने, पुस्तकाचे नाव वाचले.

आमच्याकडे कवितेची ओळ आवडली, की लोक "पुन्हा!" म्हणून ओरडतात. सगळ्यांत आधी हातिम ओरडले, "पुन्हा!" मग सारी बैठक ओरडली. दाखिलनी ते नाव तीनदा वाचले, तिसऱ्यांदा अगदी कवीसारखा हात उंचावून. मला वाटले, मी आता मोडते. पण मी मोडले नाही.

आता लोखंडी शिडी आली आहे आणि मी कोपऱ्यात आहे. पाचवी पायरी झिजून खोलगट झाली आहे. सुतार ती बदलणार होता. नजीहाने बदलू दिली नाही, खालून पट्टी ठोकून घेतली. मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंनाही अशीच पट्टी ठोका. टाकून देऊ नका. आणि कोणी मोठे माणूस अडखळत वाचत असेल, तर त्याला "पुन्हा!" म्हणा.

नजीहाचे वडील दाखिल गेल्या रमजानच्या आधीच्या गुरुवारी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी वारले.