आमच्या गल्लीत सापडलेली पृथ्वीची नाडी

सकाळचे साडेपाच वाजले होते. गल्लीत दीडशे माणसं रांगेत उभी होती आणि एकाच्याही पायात चप्पल नव्हती. थंडी अशी होती की बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघत होती. रांगेच्या टोकाला, चौथ्या खांबापाशी रस्त्यात एक डबकं होतं, त्यातूनही वाफ निघत होती. एकेक जण डबक्यात उतरायचा, डोळे मिटायचा आणि पाच-सहा सेकंदांत ओरडायचा, "आलं! आलं!"

"काय आलं?" मी पहिल्या दिवशी खिडकीतून विचारलं होतं.

"स्पंदन!" खालून उत्तर आलं. उत्तर देणारे आमच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष होते. पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढलेला आणि चेहऱ्यावर अपार शांती. "तळपायातून वर गेलं, थेट मांडीपर्यंत! वहिनी, तुम्हीही या. पृथ्वीची नाडी आहे ही."

मी गेले नाही. त्या डबक्याशी माझी जुनी ओळख होती. चार महिन्यांपूर्वी कुठल्याशा कंत्राटदाराने कसली तरी नळी टाकायला रस्ता खणला, माती नुसती लोटून दिली आणि तो निघून गेला. तेव्हापासून तिथे पाणी पाझरत होतं आणि आमच्या बाजूचे तीन दिवे लुकलुकत होते. मी जन्मभर टंकलेखिका होते, अर्ज लिहिणं माझ्या हातचा मळ. पाणी विभागाला लिहिलं. त्यांचा माणूस आला, डबक्यात बोट बुडवलं आणि म्हणाला, "हे कोमट आहे. आमचं पाणी गार असतं. हे आमचं नव्हे." दिवाबत्ती विभागाला लिहिलं. ते म्हणाले, "गळती आहे ना? मग ती पाण्याची. आमची वीज गळत नाही." दोन्ही विभागांनी हात झटकले आणि डबकं बेवारस राहिलं.

बेवारस गोष्टीला वारस मिळायला वेळ लागत नाही. आमच्या डबक्याला स्पंदनस्वामी मिळाले.

स्वामी कुठून आले, कुणालाच ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी कुणीतरी अनवाणी त्या डबक्यातून गेलं, त्याच्या पायाला झिणझिण्या आल्या, ती गोष्ट चहाच्या दुकानात पोचली आणि तिसऱ्या दिवशी स्वामी हजर. पांढरा झगा, राखाडी दाढी, पायात जाड रबरी तळव्यांचे जोडे. डबक्यापासून हातभर दूर रबराची चटई आणि तिच्यावर प्लास्टिकची खुर्ची. मी मनातल्या मनात त्यांचं नाव झिणझिणीबाबा ठेवलं.

"ही गळती नव्हे," बाबा सांगत, "हा पाझर आहे! मायेचा पाझर! जसा माणसाच्या मनगटात एकाच जागी ठोका लागतो, तसा पृथ्वीला या जागी लागतो. दिवसा ती झोपते. संधिकाल झाला की जागी होते. एक पाय इकडे ठेवा, एक पाय तिकडे. पाय जुळवू नका, जुळलेल्या पायांना ती भेटत नाही!"

"आणि स्वामी, तुम्ही नाही उतरत?" कुणीतरी भाबडेपणाने विचारलं.

"बाळा, मी आधीच भरलेला आहे. मी पाय ठेवला तर माझ्याकडची शक्ती पृथ्वीत जाईल, तिला सोसायची नाही."

पृथ्वीची काळजी घेणारा इतका दयाळू माणूस मी पाहिला नव्हता.

पंधरा दिवसांत गल्लीचं रूप पालटलं. जिथे कचरापेटीसाठी जागा सापडत नव्हती, तिथे चपला ठेवायला मांडणी आली. मंडळाच्या बैठकीला सात डोकी जमायची मारामार, तिथे अध्यक्षांनी रांगेसाठी वीस स्वयंसेवक उभे केले. ज्यांना झिणझिण्या येत त्यांचं मन निर्मळ, ज्यांना येत नसत त्यांना बाबा म्हणत, "आत काहीतरी साचलंय." समोरच्या इमारतीतल्या शिंप्याला दोन दिवस काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी ओरडला. मागून मला म्हणाला, "काय करू ताई, गिऱ्हाईक तोडून चालत नाही."

हे सगळं मी खिडकीत बसून हसत बघितलं असतं. पण एके दिवशी पहाटे फिरायला म्हणून गेलेले आमचे हे घरी आले तेव्हा त्यांच्या पावलांना चिखल लागलेला दिसला.

"अहो, तुम्ही तिथे गेला होतात?"

"दहा दिवस जातोय," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पाय धुवायला गेले.

माझ्या हातातला कप तसाच राहिला. गेल्या वर्षी ह्यांच्या छातीत, गळपट्टीच्या हाडाखाली यंत्र बसवलंय. हृदयाचा ठोका चुकला की ते यंत्र तो सावरतं. डॉक्टरांनी घरी सोडताना पहिली गोष्ट सांगितली होती ती विजेपासून जपण्याची.

"स्वामी म्हणतात, यंत्र माणसाने केलेलं, नाडी पृथ्वीची," हे मोरीतूनच बोलले. "इतके दिवस मी कडेला उभा राहायचो. शनिवारी संध्याकाळी मोठं स्पंदन आहे, त्या पहाटे रांग नाही. प्रत्येकाने मूठभर मीठ आणायचं, ते पाण्यात सोडायचं आणि दहा मिनिटं मध्यभागी उभं राहायचं. मग यंत्राची गरजच उरणार नाही म्हणे."

मी रागावले, रडले, अबोला धरला. ह्यांचं उत्तर एकच, "तुला सगळ्यातच खोट दिसते." शेवटी मी नणंदेला फोन केला.

आमच्या वन्सं तंत्रशाळेत वीजजोडणीचा वर्ग शिकवतात. पंचवीस वर्षं त्यांनी नवशिक्यांना एकच गोष्ट घोकून घ्यायला लावली आहे, की तार मेलेली आहे असं समजणारा माणूस आधी मरतो. त्या शुक्रवारी संध्याकाळी आल्या. चहा नको म्हणाल्या आणि माझ्याबरोबर गर्दीत येऊन उभ्या राहिल्या. पायात रबरी बूट होते.

सव्वासहाला बाबांनी हात वर केला. "जागी होतेय... जागी होतेय... झाली!"

"आलं!" रांगेतला पहिला माणूस उडाला.

वन्सं डबक्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर वर होती.

"वहिनी, दिवे बघितलेस? दिवे लागले आणि तो किंचाळला. एकाच क्षणी."

"म्हणजे?"

"म्हणजे पृथ्वीला कुणीतरी दिव्यांच्या पेटीतून चालू करतंय." मग त्यांचा आवाज उतरला. "खणताना दिव्यांची तार सोलवटलीय. वर पाइपाचं पाणी, ते विजेनेच कोमट झालंय. वीज ओल्या मातीत पसरते, तारेजवळ जास्त, लांब कमी. एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवला की दोन पायांच्या मधून ती माणसातून जाते. पाय जुळवले तर फारशी जात नाही. हे त्याला ठाऊक आहे."

"कशावरून?"

"तो बघ." बाबा खुर्चीतून उठले होते. त्यांना लोखंडी खांबाला धरायचं होतं. धरण्याआधी त्यांनी बोटांची मागची बाजू खांबाला हलकेच लावून पाहिली. "उलट्या हाताने. करंट असेल तर हात आपोआप मिटतो. तळवा लावला तर खांब पकडला जातो, उलटा लावला तर सुटतो. ही सवय साधूला नसते. वायरमनला असते."

"आणि मीठ?"

"मीठ घातलं की पाण्यातून वीज सहज वाहते. तळवेही खारट ओले होतात. जास्त जोराचा झटका, मोठा चमत्कार. दादा उद्या यात उभा राहणार?"

त्यांनी तिथूनच दिवाबत्ती विभागात फोन लावला. तिथली एक वायरमनबाई त्यांच्याच हाताखाली शिकलेली होती. आमच्या सगळ्या अर्जांनी जे झालं नाही ते एका "बाई, लगेच येते"ने झालं. तिने येऊन त्याच संध्याकाळी, कुणाला न सांगता, कोपऱ्यावरच्या पेटीतून आमच्या गल्लीची दिव्यांची तार बंद केली. तार लगेच खणायची असं तिचं म्हणणं होतं. पण अध्यक्ष आणि वीस स्वयंसेवक आडवे पडायला तयार होते. शनिवारपर्यंत पवित्र जागेला कुदळ लागणार नाही!

"ठीक आहे," वन्सं म्हणाल्या. "तार बंद आहे तोवर कुणाला काही होणार नाही. पेटीला कुलूप घाल आणि किल्ली माझ्याकडे दे. उद्या सगळे जमूच देत."

शनिवारी संध्याकाळी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या मुठीत मीठ. आमचे हे सगळ्यात पुढे. सव्वासहा झाले. गल्लीतले दिवे लागले नाहीत, पण दिव्यांकडे लक्ष कुणाचं होतं? बाबांचं होतं. त्यांनी एकदा वर पाहिलं, घसा साफ केला, आणखी एकदा वर पाहिलं.

"आज... आज ती मौनात आहे," ते म्हणाले. "मीठ सोडा!"

मीठ पडलं. हे मध्यभागी उतरले. तार बंद आहे हे ठाऊक असूनही मी दोन पावलं पुढे सरकले. त्यांच्या मागोमाग दहा-बारा जण उतरले.

"आलं!" अध्यक्ष ओरडले.

"मलाही!" शिंपी ओरडला.

"आजच्यासारखं कधीच नव्हतं!" एक बाई डोळे मिटून डोलायला लागली. बाबांचा चेहरा उजळला. "बघा! बोललो होतो ना? मोठं स्पंदन!"

फक्त आमचे हे डबक्यात गोंधळून उभे होते. "मला काहीच नाही होत," ते म्हणाले. "अगदी काहीच नाही."

"दादा, ये बाहेर," वन्सं पुढे झाल्या. "कारण तिथे काहीच नाही. कालपासून तार बंद आहे. ही किल्ली."

डोलणारी बाई थांबली. अध्यक्षांनी पायजमा खाली सोडला.

वन्सं आणि वायरमनबाईने सगळ्यांना बाहेर काढून दोरी बांधली. मग चिखलात पावलाच्या अंतरावर दोन लोखंडी सळया रोवल्या आणि लाकडी मुठीच्या चिमट्याने त्यांच्यामध्ये एक छोटा दिवा जोडला. वायरमनबाई किल्ली घेऊन पेटीकडे गेली.

"लाव!"

खांबांवरचे दिवे लागले. चिखलातला दिवाही लागला.

"बंद!"

वरचे गेले, खालचा गेला. पुन्हा लाव, पुन्हा बंद. चारदा. लोक एकदा वर बघत, एकदा खाली.

"या दिव्याचं मन निर्मळ आहे की मलिन, मला माहीत नाही," वन्सं म्हणाल्या. "स्वामी, तुम्ही सांगा. की जोडे काढून, एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून दाखवता? मी वीज सोडायला सांगते."

बाबा हसले. "विज्ञान तेच सांगतं, जे मी सांगत होतो. शक्ती! मी शक्ती म्हणालो, बाई वीज म्हणतात. भांडण कसलं?"

"भांडण हे, की मी वीज म्हणते आणि माणसांना बाहेर काढते. तुम्ही शक्ती म्हणता आणि आत उभं करता."

वायरमनबाई इतका वेळ बाबांकडे निरखून बघत होती. "अहो, तुम्ही मांडवांची रोषणाई करायचात ना? आमच्या विभागात परवान्यासाठी यायचात. दाढी नव्हती तेव्हा."

पुढचं बाबांनी ऐकलं नाही. रबरी जोड्यांत माणूस किती वेगाने चालू शकतो, ते त्या दिवशी कळलं. चटई आणि खुर्ची मागेच राहिली.

दुसऱ्या दिवशी रस्ता खणला. दोन हातांवर तार निघाली. कुदळीचा घाव बसून तिचं कातडं वीतभर सोललेलं, आणि त्यावर कुणीतरी प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वर माती ढकललेली. शेजारी पाण्याच्या पाइपाला चीर. दोन्ही विभागांची माणसं खड्ड्याच्या दोन काठांवर उभी राहून एकमेकांकडे बघत होती. तार दुपारी जोडली गेली, पाइप संध्याकाळी. माती वाळली. थंडीतली वाफ थांबली.

सगळे सुधारले असं मात्र समजू नका. डोलणारी बाई अजूनही म्हणते, त्या दिवशी मला खरंच आलं होतं. अध्यक्ष म्हणतात, आम्हाला पहिल्यापासून शंका होती. वीस स्वयंसेवक पुन्हा दिसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी जेवताना आमचे हे म्हणाले, "मला बरं वाटत होतं गं. ते खोटं नव्हतं."

मी काहीतरी टोचून बोलणार होते. पण त्यांचा चेहरा बघून थांबले. यंत्र बसल्यापासून हे घराबाहेर पडत नव्हते. जिना उतरायची धास्ती, कुणी "आता कसं आहे?" विचारायची धास्ती. त्या पंधरवड्यात ते रोज पहाटे उठले, जिना उतरले, माणसांत उभे राहिले, चार जणांशी बोलले. बरं वाटणारच होतं. तो गुण डबक्याचा नव्हता, माणसांचा होता. आणि एवढी साधी गोष्ट द्यायला आम्हा गल्लीकरांना एका भामट्याची गरज पडली, याची मला बाबाच्या लबाडीपेक्षा जास्त लाज वाटली.

म्हणून हे लिहून ठेवते. तुमच्याकडेही एखाद्या दिवशी काहीतरी पाझरेल, थरथरेल, चमकेल. हसू नका आणि हातही जोडू नका. हे केव्हा होतं, केव्हा थांबतं, आणि सांगणारा स्वतः त्यात का उतरत नाही, एवढं मोठ्याने विचारा. विचारण्याने कुठलीच खरी गोष्ट मोडत नाही. आमच्या घरातला एक माणूस आज जेवायला समोर बसला आहे, तो कुणीतरी वेळेवर विचारलं म्हणून.