खडकावरचं गिराण

बाण सपकन आला नि संबिएनीच्या पायापासून वीतभर अंतरावर ओल्या मातीत रुतला. शेजारच्या सरीत खुरपत असलेली त्याची बायको यांता जागच्या जागी थिजली. बाणाच्या टोकाला काळं काहीतरी फासलेलं होतं. ते काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिच्या बापानंच अर्ध्या गावाला ते विष शिजवायला शिकवलं होतं.

ओढ्यापलीकडून तिच्या भावाची, क्वागूची आरोळी आली. "दाजी, ह्यो चुकला न्हाई बरं का! चुकवलाय! फुडचा चुकवनार न्हाई!"

"ये की अलीकडं, मेव्हण्या!" संबिएनीनं कुदळ उगारली. "लांबनं काय भ्याडावानी फेकतोस? ये, तुझं आतडं दावतो तुला!"

गेल्या सुगीपासनं हेच चाललं होतं. संबिएनीचा बैल क्वागूच्या बाजरीत शिरला, क्वागूनं त्याच्या पोटात बाण घातला. बैल दोन दिवस खुरं घासून मेला. तिसऱ्या दिवशी क्वागूची कणगी भरल्या दाण्यानिशी पेटली. त्याची तीन लेकरं उन्हाळाभर रानातला पाला उकडून खात होती. रेड्यांच्या झुंजीत झाडांचा काळ, तशी गत यांताची. भावाच्या दारात गेली तर नवरा हाणायचा, नवऱ्याची बाजू घेतली तर भाऊ तोंडावर थुंकायचा.

तिनं बाण उपटला नि तडक म्बा आत्तीचं घर गाठलं. आत्ती म्हणजे तिच्या बापाची थोरली बहीण. गावातलं सगळ्यात जुनं हाड.

आत्तीनं बाणाचं टोक हुंगलं. "ताजं हाय. आज-उद्या कुनीतरी मरतंय."

"मग मी काय करू, आत्ती?"

"रडू नगं. आज पुनव. बाजारात रेडिओवर सांगितलंय, चंद्राला गिराण हाय. वर सूर्य नि चंद्र एकमेकाच्या नरडीला लागनार. आपलीच भांडणं बघून नादावत्यात ते. आज जो समेटाला येत न्हाई त्याला गाव पानी बी देत न्हाई. दोघांस्नी गावाभाइरच्या खडकावर आन."

"आपल्या घराच्या धाब्यावरनं न्हाई दिसायचं?"

"डोंगर आडवा येतोय की, खुळे! आज चंद्र गिळल्यालाच उगवनार. दिवस बुडला की मावळतीकडं पाठ करून खडकावर बसायचं, नि खिंडीवर नदर ठेवायची. लगीच गावत न्हाई त्यो. उजेड मरू द्यावा लागतो. आन हत्यारं खाली ठेवायची, सांग त्यांस्नी."

दुपारी सर येऊन गेली होती. संध्याकाळी खडक ओला होता, त्यातनं वाफ निघत होती. सगळं गाव गोळा झालं. ते दोघंही आले, न येऊन सांगतात कुणाला? धनुष्यं खडकाच्या पायथ्याला ठेवली नि दोन टोकांना तोंडं फिरवून बसले.

दिवस बुडाला. खिंड रिकामीच. वटवाघळं उडाली, तरी रिकामीच. पोरं चुळबुळायला लागली.

क्वागू मोठ्यानं हसला. "काय बघताय? चंद्र बी दाजीनंच जाळला असंल, माझ्या कणगीवानी!"

संबिएनी उठला तो थेट त्याच्या अंगावर. दोघं आदळले तसं कुणाचं तरी हाड कडाडलं. ओल्या खडकावर लोळत, चावत, लाथा घालत ते खाली घसरले. सोडवायला गेलेल्या एकाचा दात पडला. संबिएनी वर आला नि क्वागूच्या तोंडावर बुक्क्यांमागून बुक्के घालत राहिला. डोळे सुजून मिटले तरी हात थांबेना. मग त्यानं नारळाएवढा धोंडा उचलला.

यांतानं अंग भावावर टाकलं. "घाल! आधी माझ्या डोस्क्यात घाल!"

संबिएनीचा हात वरच राहिला. तेवढ्यात तिच्या पोटाखाली क्वागू कमरेचा लपवलेला सुरा चाचपत होता. पातं बाहेर आलं, नवऱ्याच्या मांडीकडं वळलं. यांतानं ते उघड्या मुठीत धरलं. बोटांतनं गरम रगत मनगटाकडं धावलं.

"ताये, सोड!"

"तू सोड आधी!"

त्यानं सोडला. आत्तीनं सुरा दरीत भिरकावला.

"दिसला!" कुणीतरी किंचाळलं.

खिंडीच्या बरंच वर, जिथं आत्तापर्यंत काहीच नव्हतं तिथं, चंद्र लोंबत होता. विस्तवातनं काढलेल्या तांब्यासारखा, मळकट लाल. संबिएनीच्या हातातला धोंडा गळून पडला.

आत्तीनं यांताची मूठ फडक्यानं आवळली नि तिला दोघांच्या मधी बसवलं. उठायची ताकद कुणातच नव्हती. संबिएनी बरगडी दाबून कण्हत होता. क्वागूला डोळे उघडताच येत नव्हते. चंद्र बराच वेळ तसाच लाल राहिला. मग एकाएकी लोकांत कुजबूज उठली.

"काय झालं?" क्वागूनं विचारलं. "आरं, कुनी सांगा की!"

यांता तोंड उघडणार तोच आत्तीनं तिचा खांदा दाबला. बाकीच्यांनाही तिनं हातानंच थोपवलं नि संबिएनीकडं बघितलं. क्वागू इकडं तिकडं मान वळवत राहिला.

संबिएनी रक्त थुंकला. पुन्हा एकदा थुंकला.

"खालच्या कडंला," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "नखाएवढं पांढरं फुटलंय."

"खालच्या?"

"व्हय."

"मंजी सूर्य सोडतोय त्याला?"

"सोडतोय. गप बस. सांगतो फुडं."