बेण्यावरची काजळी

“काणी तुमीच वाटली, सायेब. ती वाऱ्यानं आली न्हाई, कुणाच्या कोपानं आली न्हाई. तुमच्या बेण्याच्या मोळ्यांतनं आमच्या शिवारात उतरली.”

कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत आगगाडीत आकारामनं हे मनात घोटून घोटून पाठ केलं होतं. गडी चौथी शिकलेला. पण दोन वर्षं त्यानं एकाच वावरात, एकाच पाटाच्या पाण्यावर, अर्ध्यात घरचं आणि अर्ध्यात सरकारी बेणं, म्हणजे लावणीच्या कांड्या, लावून उसाचं बेट न् बेट तपासलं होतं. शेंड्यातनं काणीचे, बुरशीच्या काळ्या भुकटीनं माखलेले चाबूक फुटले ते सरकारी अर्ध्यातच. आणि उद्या सकाळी त्याच्या गावासकट सात गावांना पुन्हा तेच बेणं जाणार होतं. पिकांच्या बुरशीवर परिषद भरलीय, शास्त्रज्ञ येणार, शेतकऱ्यालाही पाच मिनिटं मिळणार, असं पत्र आलं म्हणून तो आला. वाटप थांबवायचं, एवढंच त्याला हवं होतं.

सकाळभर इंग्रजी निबंध झाले. दुपारी टेबलावर काणी लागलेल्या उसाचे वीस चाबूक उघडेच मांडले. जो तो उचले, झटके, शेजाऱ्याच्या हातात देई. वर पंखा गरगरत होता.

“तात्या, नाक झाका,” दारातला शिपाई चांदसाहेब आकारामच्या कानाशी पुटपुटला. “तिसऱ्यांदा टेबल पुसलं, तरी काळंच.”

“हं, कऱ्हाडवाले!” बेणं वाटणाऱ्या खात्याच्या साहेबांनी अध्यक्षाच्या खुर्चीतनं हाक दिली. “तुमचा नमुना काढा.”

आकारामनं ओल्या गोणपाटात बांधलेल्या चाबकाचं गाठोडं छातीशी धरलं. त्याच्या घरची रीत ठरलेली. भुकटी उडू नये म्हणून आधी चाबकावर ओलं पोतं चढवायचं, मगच विळा लावायचा. आणि त्या दिवशी दुसऱ्या फडात पाऊल टाकायचं नाही. बायकोनं, शालूबाईनं, तर काणीच्या फडातनं आलेल्या सासऱ्यालाही बांधावर अडवलं होतं, “आवं मामंजी, आदी आंगूळ करा, मग या!”

“हितं सोडत न्हाई,” तो म्हणाला. “पंखा बंद करा, खिडक्या लावा, मग दावतो.”

सभागृह खदखदून हसलं. “अहो, उसाचा रोग आहे, तुम्हाला चावणार नाही!” कुणीतरी म्हणालं.

“भ्या माजं न्हाई, उसाचं हाय.”

“नमुना नाही, तर वेळ नाही.” साहेबांनी यादीतल्या त्याच्या नावावर रेघ ओढली. “चला, पुढचे.”

रेघ ओढली. दोन वर्षांवर.

तो तणतणत व्हरांड्यात आला आणि थबकला. उघड्या खिडक्यांखाली उद्याच्या वाटपाच्या मोळ्या रचून ठेवल्या होत्या, वर पाटी: निरोगी बेणं. त्यानं एका कांडीवर बोट फिरवलं. बोट काळं. दुसरीवर, तिसरीवर. काळंच.

“चांदसाहेब, ह्या मोळ्या कवापास्नं हितं हाईत?”

“कालपास्नं. का वो?”

आकाराम तडक आत शिरला. कुणाचा तरी निबंध चालू होता. साहेबांच्या पुढ्यात उद्याच्या वाटपाचा हुकूम होता, सहीसाठी. आगगाडीत घोटलेलं सगळं तो विसरला. त्या पांढऱ्याफेक कागदावर त्यानं बोट दाबलं आणि खालपर्यंत ओढलं.

“अहो! हे काय?”

“तुमच्या निरोगी बेण्यावरची काजळी हाय. ह्याच टेबलावरनं उडाली, खिडकीतनं गेली.”

कुणी हसलं नाही. साहेबांनी कागद मागं ओढला, तशी रेघ आणखीच फासली.

“बाहेर बसा. नंतर बघू.”

“नंतर कवा? ऊस मेल्यावर? इंग्रजीत नगं, मला कळंल असं सांगा, सायेब. उद्या ह्या मोळ्या वाटणार, का न्हाई?”