हातोडीनंतरचं वाक्य

सकाळी सव्वादहाला तिच्या टेबलावर तपासणीसाठी एक व्हिडिओ आला आणि त्यात तिचे बाबा बोलत होते. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

वर्तमानपत्रात तिचं काम ठरलेलं होतं. लोक एकमेकांना पाठवत सुटलेले व्हिडिओ बघायचे, 'शहानिशा' नावाच्या चौकटीत चार ओळी लिहायच्या आणि खाली शिक्का मारायचा. शिक्के दोनच होते, हिरवा 'खरा' आणि लाल 'खोटा'.

या व्हिडिओवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'पंचवीस वर्षांपूर्वी सगळं सांगून गेलेला माणूस'. जुन्या कॅसेटचं पुसट, थरथरतं चित्र. मागे नदीवरचा पूल, पुढे अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले बाबा. आधी ते म्हणत होते, हा पूल पडणार. मग जगभर रोगाची साथ येणार, माणसं तोंड बांधून फिरणार. मग भूकंप. मग एका बड्या नेत्याचा अंत, तोही तारखेसकट. गेल्या बुधवारी तो पूल खरोखरच पडला होता आणि त्याच्यासोबत बसमधली चौदा माणसं गेली होती. त्यामुळे आता लाखो लोक बाबांना हात जोडत होते आणि पुढचा भूकंप कुठं होणार ते विचारत होते.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा पुलांचे तपासनीस होते. घरात कुणी राशिभविष्याचं पान उघडलं, तर नेमकं तेच पान ओढून घेऊन त्यावर बुटांना पॉलिश करत बसणारा माणूस. त्याला कुणीतरी बुवा करून टाकलं होतं.

तिनं हेडफोन लावले. सुरुवातीला बाबा हातोडीनं पुलाचे खांब ठोकत होते. ठण्ण. ठण्ण. मग एकदम भद्द. "हा तिसरा खांब आतून पोकळ झालाय. मी वर कळवलंय, कुणी ढुंकून बघत नाही. हा पूल पडणार." मागे वारा घोंघावत होता. साथीचा विषय निघाला आणि वारा थांबला. शर्ट मात्र फडफडतच होता. आवाज बाबांचाच वाटत होता, पण त्यात मध्ये कुठं श्वास घेतलेला नव्हता, आणि बाबांना तर दोन वाक्यांत एकदा धाप लागायची.

म्हणजे हातोडीनंतरचं बोलणं खरं, बाकी सगळं मागाहून चिकटवलेलं. हे चित्रण झालं ती घरची सहल तिला आठवत होती. "सहलीला तरी ती हातोडी घरी ठेवायची!" म्हणून आई दिवसभर फुगून बसली होती. आणि त्या सहलीची कॅसेट एकाच माणसाकडे होती.

दादाचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ दोन गल्ल्या सोडून होता. ती शिरली तेव्हा तो वायरीची गुंडाळी करत होता.

"बघितलास? नऊ लाख झाले."

"बाबांच्या तोंडात हे कुणी घातलं, दादा?"

"मी."

इतक्या सरळ उत्तराची तिची तयारी नव्हती. गुंडाळी खाली ठेवून दादाच बोलत राहिला.

"पूल पडला त्या दिवशी मी खरा तुकडा टाकला होता. जसाच्या तसा. किती जणांनी बघितला, सांगू? एकोणीस. त्यात तू नव्हतीस."

"म्हणून त्यांना बुवा केलंस?"

"बुवाचं लोक ऐकतात गं. तपासनिसाचं ऐकलं कुणी? कळवून कळवून बाबांचा जीव मेटाकुटीला आला. मी पुढं चार गोष्टी जोडल्या, तेव्हा कुठं जग तो खांब बघायला आलं."

"आणि आता तेच जग म्हणणार, भूकंप खोटा, तर खांबही खोटा! एवढं कळलं नाही तुला, गाढवा?"

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. पूल खात्याचं निवेदन आलं होतं. तिनं ते मोठ्यानं वाचलं, "सदर व्हिडिओ बनावट आहे. पुलाच्या स्थितीबाबत खात्याला कधीही कोणताही इशारा मिळालेला नव्हता. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये."

फोटोसाठी नवरानवरीला बसवतात त्या मखमली खुर्चीवर दादा मटकन बसला.

"चौदा माणसं," ती म्हणाली. "आणि खात्याला हात धुवायला पाणी तू नेऊन दिलंस."

ऑफिसात वृत्तसंपादक वाटच बघत होता. बातम्या निर्दयपणे छाटतो म्हणून सगळे त्याला कात्री म्हणत. तिनं त्याला दादाची करामत सांगून टाकली.

"खोटाच आहे ना? मार लाल शिक्का आणि मोकळी हो."

"हातोडीनंतरचं वाक्य खरं आहे, सर."

"शिक्का व्हिडिओला असतो, वाक्याला नाही."

"मग शिक्का बदला. तुम्ही लाल मारलात, की उद्या ते खातं आपलंच कात्रण नाचवत फिरेल."

"आणि हिरवा मारला, तर लोक भूकंपाच्या भीतीनं उघड्यावर झोपतील." कात्रीनं चष्मा कपाळावर सरकवला. "शिवाय भाऊ बनवतो, बहीण तपासते! लोक शेण घालतील आपल्या तोंडात."

"मी नाही लिहीत. दुसऱ्या कुणाला बसवा. पण आधी ऐका तरी."

त्यानं ऐकलं. 'भद्द'पाशी थांबून पुन्हा ऐकलं.

"हा ठोकाही बनवता येतो ना?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "येतो," ती म्हणाली. "म्हणून तर मूळ कॅसेट तपासायला हवी."

दुपारी बहीणभाऊ कॅसेट आणि दादाची लेखी कबुली घेऊन पूल दुर्घटनेच्या चौकशी कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनानं ती उलटसुलट करून बघितली.

"यात काय आहे?"

"लावून बघा ना," दादा म्हणाला.

"लावू कशावर? असली मशिनं आता राहिलीत कुठं?"

"माझ्याकडे आहे. आत्ता घेऊन येतो."

"तुम्हीच ना तो व्हिडिओ बनवणारे?" कारकून हसला. "मग मशीन पण तुमचंच? वा! उद्या म्हणाल, भूकंपही यातूनच निघाला."

दादानं मान खाली घातली. तिला कारकुनाच्या कानशिलात द्यावीशी वाटली, आणि त्याचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं म्हणून जास्तच.

दुसऱ्या दिवशी 'शहानिशा'ची चौकट पहिल्यांदाच शिक्क्याविना छापली गेली. मजकूर दुसऱ्याच उपसंपादकानं लिहिला होता: पुलाबद्दलचं बोलणं मूळचं असावं, बाकी भाकितं मुलानं जोडल्याची कबुली, मूळ कॅसेटची तपासणी बाकी. दादानं व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो इतरांनी उचलून हजार ठिकाणी लावला होता. खात्यानं आपलं निवेदन मागे घेतलेलं नाही.

हे लिहीपर्यंत मिळालेली माहिती अशी: कॅसेट लाल सील लावून चौकशी कार्यालयाच्या कपाटात आहे. ती वाजवण्यासाठी मशीन मिळावं, अशी मागणी कार्यालयानं वर पाठवली आहे. ती मागणी ज्या टेबलावर मंजुरीसाठी पडून आहे, ते पूल खात्याचं आहे.