पावाला फुटलेलं रक्त

"रक्त! पावाला रक्त फुटलं!"

सभागृहात एवढी गर्दी झाली की खिडक्यांनाही माणसं लोंबकळली. प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या नावाने वाटून खायला ठेवलेल्या पांढऱ्या पावावर लालभडक, ओलसर ठिपके उमटले होते. बायका रडत होत्या. एका आजोबांनी कवळी काढून हात जोडले. का, ते त्यांनाच ठाऊक.

डॉक्टरीणबाई दाराशी उभ्या होत्या. माहेर थोरल्या चर्चचं, सासर धाकट्याचं. दोन्हीकडे प्रभू एकच, पण त्याच्या नावाचा पाव खरा कुणाचा, यावरून तीन पिढ्या अबोला. यंदा थोरल्याचे फादर आणि धाकट्याचे पाळक यांनी महत्प्रयासाने एकत्र प्रभुभोजन ठरवलं. पाव कुणी भाजायचा यावर गाडं अडलं. शेवटी ठरलं, दोघांचाही नको. परधर्माचे भट्टीवाले काका भाजतील. दोन्ही चर्चचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

दुसरी ब्रदर हुंदके यांनी जमवून आणली. हे फिरते उपदेशक. वाक्यागणिक हुंदका, म्हणून हे नाव.

"भावांनो," ब्रदर हुंदकले, "परक्या हाताचं पाप प्रभूने उघडं पाडलंय! त्याला हाकला! आणि हे एकत्र बसण्याचं सोंग सोडून माझ्या तंबूत या!"

तासाभरात दोन्ही चर्चची माणसं खांद्याला खांदा लावून भट्टीवर चालून गेली. अशी एकी कुणी पाहिली नव्हती. एक दगड काकांच्या डाव्या डोळ्यावर बसला.

डॉक्टरीणबाई पट्टी बांधत होत्या. काकू भांडी बांधत होत्या.

"रविवारपर्यंत निघा म्हणालेत," काकू म्हणाल्या.

"कुठं जाणार?"

"जिथं पाव खात नाहीत तिथं," काका म्हणाले.

"काका, पाव दिलात तेव्हा कसा होता?"

"पांढराफेक. मग दोन दिवस सभागृहातल्या कपाटात होता. ब्रदर त्यावर पवित्र पाणी शिंपडायचे म्हणे."

बाईंनी लाल ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली धरला. खाली जत्रा भरली होती.

दुसऱ्या दिवशी भरसभेत त्यांनी हात जोडले. "ब्रदर, हा तुमच्या घरचा पाव, वहिनींच्या हातचा. अर्ध्यावर पाणी शिंपडा. पवित्र हातचा पाव पांढराच राहील, लोकांची श्रद्धा दुणावेल. आणि हा उकडलेला बटाटा. त्यालाही थोडा प्रसाद."

"आज पाणी संपलंय."

"खिशातल्या बाटलीत वाजतंय की!" मागून कुणीतरी म्हणालं.

ब्रदरना शिंपडावं लागलं. पावाचा कोरडा अर्धा भाग वेगळ्या डब्यात ठेवला. दोन्ही डबे कपाटात गेले. कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली फादरकडे, एक पाळकांकडे, कारण दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. तो अविश्वास पहिल्यांदाच कामी आला.

रविवारी कपाट उघडलं. कोरडा अर्धा पांढरा. शिंपडलेला लाल.

"हे माझ्या बायकोचं पाप!" ब्रदर ओरडले.

सगळ्या माना वहिनींकडे वळल्या. एकाने तर खुर्ची उचलली. सवय, दुसरं काय!

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आणि बटाट्याचं पाप कोणतं हो?"

बटाटाही लाल झाला होता.

"हे रक्त नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जंतू आहेत. यांचा रंगच लाल. ओलसर, उबदार जागी पावावर, भातावर, कशावरही वाढतात; भाजणाऱ्याचा धर्म विचारत नाहीत. जुना लाल तुकडा बाटलीत बुडवला की झालं पवित्र पाणी. ब्रदर, खरं ना?"

ब्रदर बाटली खिशात कोंबून पहिल्यांदाच हुंदक्याविना दाराकडे निघाले.

फादर आणि पाळक भट्टीवर गेले. काकांचा डोळा गेला होता.

"राहा," दोघं म्हणाले.

"राहतो. डोळा इथंच गेलाय, त्याला टाकून कुठं जाऊ? पाव मात्र आता तुम्ही भाजा. दोघं मिळून."

तर मंडळी, एकाचा देव दुसऱ्याला पटलाच पाहिजे असं नाही. शेजारी बसायला ती अट नको. पण चमत्कार दिसला की हातातला दगड खाली ठेवा आणि विचारा: याला हात कुणी लावला? पाणी कुणी शिंपडलं? दुसऱ्या पावावर करून दाखवता? उत्तराला दोन दिवस लागतील. थांबा तेवढं. जंतू दोन दिवसांत वाढतात, डोळा पुन्हा उगवत नाही.